राखीव कीपर नंदू

नंदूच्या तिरडीवर पहिला हार अण्णांनी घातला. मला शिसारी आली.

अण्णा म्हणजे आमच्या क्रिकेट क्लबचे त्या काळचे सेक्रेटरी. आता ऐंशी पार केलीय. दोघांनी धरून आणलं होतं.

हार घालून म्हणाले, "आमच्या क्लबने घडवलेला हिरा होता."

हिरा म्हणे.

तिथे मी गप्प बसले. मयताला आलेल्या लोकांसमोर तमाशा नको. म्हणून इथे लिहितेय. लांबेल, वाचायचं तर वाचा.

नंदू माझ्या भावाचा, राजूचा, जिवलग दोस्त. मांडवीला आमच्या घरामागेच राहायचा. ऐंशीच्या दशकात रत्नागिरीत त्याच्या तोडीचा विकेटकीपर नव्हता. हे मी प्रेमापोटी म्हणत नाही, समोरच्या टीमचे लोक म्हणायचे.

पण क्लबचा कीपर होता अण्णांचा पुतण्या. वाईट नव्हता. बरा होता. बरा माणूस एकदा जागेवर बसला की त्याला उठवायला कुणी धजत नाही, त्यात तो सेक्रेटरीच्या घरातला.

नंदू राखीव. मैदानात पाणी न्यायचं, पुतण्याचे पॅड आणून द्यायचे, आणि नेटमध्ये सगळ्यांसाठी वाकून बसायचं.

त्याच सुमारास माझा मावसभाऊ बोटीवरून सुट्टीला आला. येताना अमेरिकेतून एक खोका आणला. बेसबॉलचा घरात बसून खेळायचा गेम. फासे, एक तक्ता आणि खऱ्या खेळाडूंची कार्डं. फासे टाकायचे, कार्डावर बघायचं, चेंडू कुठे गेला ते कळतं.

राजू, नंदू आणि मी, तिघांनाही बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. मी कॉलेजात इंग्लिश घेतलेलं, म्हणून नियम वाचून सांगायचं काम माझं.

प्रत्येकाची एक टीम, आपणच तिचे मॅनेजर. तो अख्खा मे महिना आमच्या पडवीत फाशांचा आवाज.

नंदूच्या वाट्याला दोन कॅचर आले. कॅचर म्हणजे आपला कीपरच. एक नावाजलेला, म्हातारा होत आलेला, पण अजून सगळ्यांत सरस. दुसरा कोवळा पोरगा. कार्ड झकास, पण जागा नाही.

राजू म्हणाला, त्याला लांब फील्डिंगला उभा कर. नंदूने करून बघितलं. पोरगा तिथे झेल सोडत सुटला. मग राजू म्हणाला, ठेव बाकावर, म्हाताऱ्याला दुखापत झाली की कामाला येईल.

नंदूने ते कार्ड उचललं.

मग माझ्यासमोर सरकवलं. माझ्या टीमचा कॅचर अगदीच टाकाऊ होता.

"घे. तुझ्याकडे जागा हाय गो, सुमे. खेळू दे त्याला."

बदल्यात काय देऊ, विचारलं. काय नको, म्हणाला.

त्या पोराने पुढे नंदूच्याच टीमला धू धू धुतलं. राजू चिडायचा. नंदू टाळ्या वाजवायचा.

पावसाळ्याच्या तोंडावर बातमी आली. लोट्याच्या एका केमिकल कंपनीला आपल्या टीमसाठी कीपर हवा होता. नोकरी, कंपनीची बस आणि प्रत्येक मॅचला खेळायला मिळणार. त्यांनी नंदूला बघितलं, पसंत केलं. फक्त क्लबने त्याला मोकळं करायला हवं होतं.

नंदू अण्णांकडे गेला. सोबत राजू होता, त्याने घरी येऊन सगळं सांगितलं.

नंदू म्हणाला, "मला खेळवा, नायतर सोडा."

अण्णांनी त्याला बसवलं, चहा मागवला. "तू काय आम्हाला जड झालायस? उद्या पुतण्याचं बोट मोडलं तर आम्ही कुणाकडे बघायचं?"

एका बोटाच्या काळजीपोटी एक अख्खा माणूस फडताळात ठेवून दिला.

नंदू तो सगळा पाऊस अण्णांकडे जात राहिला. दर वेळी चहा, दर वेळी "बघू". कंपनीने शेवटी दुसरा कीपर घेतला.

बोट काही मोडलं नाही.

मी एकदा म्हटलं, तुला त्यांचा राग येत नाही का रे?

"राग नाय येत," म्हणाला. "तो चहा मी प्यायलो ना, त्याची ओकारी येते."

मग त्याने क्लब सोडला आणि बर्फाच्या कारखान्यात लागला.

काही वर्षांनी पुतण्या बँकेत चिकटला आणि बदलीवर पुण्याला गेला. तेव्हा अण्णा नंदूच्या दारात आले, हातात नवे कोरे ग्लोव्ह्ज घेऊन. मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. सगळं ऐकलं.

"जागा झाली रे. उद्यापासून ये."

नंदू नुकताच कारखान्यातली पाळी संपवून आला होता. उंबऱ्यातच उभा राहिला.

"अण्णा, तुम्ही जागा भरायला आलायत. दुसरा कोणतरी बघा."

आत या म्हणाला नाही. ग्लोव्ह्जना हात लावला नाही.

अण्णा जाताना मला म्हणाले, "पोरगा माजलाय." अजून तो शब्द आठवला की जीभ धुवावीशी वाटते.

पुढे नंदू भाट्याच्या किनाऱ्यावर, वाळूत पोरापोरींना फुकट शिकवायला लागला. त्याची स्वतःची छोटी टीम होती. एखादा चांगला निघाला आणि आपल्याकडे त्याची जागा नसली, की नंदू त्याला स्कूटरवर मागे बसवायचा आणि स्वतः दुसऱ्या क्लबात नेऊन सोडायचा. लोक हसायचे. तयार केलेली पोरं दुसऱ्याला देतो, येडा हाय, म्हणायचे.

आज खांदा द्यायला ती पोरं आली. आता बापे झालेत, केस पिकलेत. एक मुंबईहून रात्रभर गाडी चालवत आला. एक मुलगी आली, तिनेही खांदा दिला, आणि कुणाची तिला अडवायची छाती झाली नाही.

त्यातलं एकही नंदूच्या टीमकडून खेळलेलं नव्हतं.

नंदू, निघ आता. भावपूर्ण वगैरे मला आज जमत नाही रे, जे आलं ते रागातच आलं. तेवढं घेऊन जा.