दोन भिंतींमधली जमीन

"तू हद्द मुद्दाम चुकीची रंगवलीस," नोरीन म्हणाली. "एकदा कबूल कर आणि मोकळी हो."

"मी एकोणीस वर्षांची होते," रोवीना म्हणाली. "बाबांनी हातात रंगाचा डबा दिला, म्हणाले, भिंतीच्या कडेनं जा. मी गेले."

"कुठल्या भिंतीच्या?"

"जी दिसली तिच्या."

माझा नवरा मेरिल, या दोघींचा भाऊ, टेबलावर पसरलेल्या नकाशावर दोन्ही कोपरं टेकून बसला होता. रविवारचं दुपारचं जेवण त्या नकाशापायी शेगडीवरच राहिलं होतं. बीन्सच्या भांड्यावरचं झाकण मी दोनदा उचलून पाहिलं आणि पुन्हा ठेवलं. या घरात भांडण संपल्याशिवाय वाढायचं नाही, हे मी लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकले.

भांडण होतं हद्दीचं. आमच्या व्हरमाँटच्या जंगलात दगडी भिंतींना तोटा नाही. कधीकाळी इथं मेंढरांची कुरणं होती. मेंढरं गेली, माणसं गेली, कुरणांत झाडं वाढली आणि भिंती तेवढ्या राहिल्या. माझ्या सासरच्या, टॅट्रोंच्या जंगलाच्या पूर्वेला अशा दोन भिंती जवळजवळ सोबतच उतारावरून खाली गावच्या रस्त्यापर्यंत जातात. हद्द बाहेरच्या भिंतीवर. पण दर काही वर्षांनी, पानं गळून गेली की, हद्दीवरच्या झाडांना लाल रंगाचे पट्टे मारायचे असतात, आणि ते काम रोवीनाकडे आलं तेव्हापासून पट्टे आतल्या भिंतीवर पडत आले. पट्ट्यावर पट्टा. गेल्या महिन्यात मोजणीवाला आला, त्यानं बाहेरच्या भिंतीच्या टोकाशी पुरलेली लोखंडी खूण उकरून काढली, तेव्हा कुठं हे उजेडात आलं.

शुक्रवारी वकील म्हणाला, इतकी वर्षं दोन्हीकडच्यांनी लाल पट्टे हीच हद्द मानली, आता मधली जमीन शेजारच्या क्विम्बीची झाल्यात जमा आहे. भांडायचं तर भांडा, माझ्या मुलांच्या कॉलेजची फी निघेल.

जमीन रुंदीला फार नव्हती, पण घराचं अंगण सोडलं तर गावच्या रस्त्याला टेकणारी तीच होती.

मुळात मोजणी हवी होती कशाला, तेही सांगते. सासऱ्यांनी जंगल आणि घर तिघांच्या नावे ठेवलं, कुणाचाही वेगळा तुकडा न पाडता. म्हणजे तिघांच्या सह्यांशिवाय एक फांदीही विकता येत नाही. मेरिलला मेपल आणि ॲशची झाडं तोडून विकायची होती. आयुष्यभर दुसऱ्यांचे ओंडके वाहून त्याची कंबर गेलीय, एकदा स्वतःचे वाहावेत अशी त्याची इच्छा. नोरीन हार्टफर्डला राहते, दातांच्या दवाखान्यात मॅनेजर आहे. तिनं एक बिल्डर गाठला होता. उतारावर सुट्टीतली घरं, प्रत्येकाला डोंगर दिसेल अशी. रोवीनानं तिसराच रस्ता काढला, जंगलं राखणाऱ्या ट्रस्टशी करार. जमीन आपलीच राहते, पण तिथं घरं बांधायचा हक्क कायमचा सोडून द्यायचा. ट्रस्ट त्याचे पैसे देतं. बिल्डरपुढं ते काहीच नाहीत, पण देतं.

सगळ्यांना वाटायचं, रोवीनाचा या जंगलावर जीव आहे. गावातही तसंच बोलतात. चर्चमध्ये कुणीतरी तिचा हात धरून म्हणतं, "तू आहेस म्हणून ते जंगल आहे बघ." ती हसते.

मला विचाराल तर, तिला तिथून निघायला कुणी सांगितलंच नाही. मेरिल अठराव्या वर्षी मेन राज्यातल्या लाकूडतोड्यांबरोबर गेला. नोरीन शिकायला गेली ती गेलीच. रोवीना शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला लागली, कारण ते घरापासून जवळ होतं. मग आईला पक्षाघात झाला. आई गेल्यावर बाबांचे गुडघे. बाबांनंतर घर. घर म्हणजे लाकडं फोडून रचणं, छपरावरचं बर्फ ओढून काढणं, नळ गोठू नयेत म्हणून पहाटे उठून शेगडी पेटती ठेवणं. आम्ही ख्रिसमसला यायचो, गरम घरात जेवायचो आणि जायचो. मीही त्यातलीच.

मला एक गोष्ट माहीत होती, जी त्या दोघांना नव्हती. एप्रिलच्या चिखलात रोवीनाची गाडी रुतली होती, तेव्हा मी तिला घ्यायला गेले. परत येताना गावात कोबर्नच्या दुकानापाशी म्हणाली, "बर्निस, जरा थांब." दुकानावर दोन खोल्या भाड्यानं द्यायच्या होत्या. आम्ही वर गेलो. तिनं खिडकी पाहिली नाही, कपाटं पाहिली नाहीत. भिंतीवर हीटरचं बटण होतं, ते फिरवलं आणि वाट पाहत उभी राहिली. खालून गरम हवा आली. तिनं बटण बंद केलं, परत फिरवलं.

"आधी जमिनीचं मिटू दे," ती खाली उतरताना म्हणाली. "हे असं लोंबकळत टाकून कशी जाऊ?" कोबर्नबाईंनी खोल्या तिच्यासाठी धरून ठेवल्या होत्या, पण ऑक्टोबर संपेपर्यंतच.

आणि आज ऑक्टोबरचा शेवटचा रविवार होता.

"तुला करारच करायचा होता," नोरीन म्हणत होती. "रस्त्याची जमीन गेली की बिल्डर पळणार, हे तुला कळत नव्हतं?"

"एकोणिसाव्या वर्षी? तुझा बिल्डर तेव्हा शाळेच्या वाटेवरही नव्हता."

"नंतर तरी लक्षात आलं असेल!"

"मग यायचं होतंस बघायला. डबा हलका नसतो. दोघी असतो तर आळीपाळीनं उचलला असता."

मेरिलनं नकाशावरून मान वर केली. "ते सोड. चूक ती चूक. हद्द सांभाळायचं एक काम होतं तुझ्याकडं, रोवीना."

एक काम. मी शेगडीकडं वळले, कारण मला त्याचं तोंड बघवेना.

रोवीना शांतपणे म्हणाली, "क्विम्बीचा गोठा कुठं आहे रे?"

"कुठं म्हणजे? उताराला. रस्त्यालगत."

"नकाशावर दाखव."

मेरिलनं बोट ठेवलं. बोट दोन भिंतींच्या बरोबर मधोमध पडलं.

"त्याचं छप्पर कुणी ठोकलं?"

मेरिलनं नकाशावरून बोट उचललं.

"अख्खं गाव होतं मदतीला," मी म्हणाले. "हा सगळ्यांत वर बसला होता, घोड्यावर बसल्यासारखा. खाली क्विम्बीची बायको केक वाढत होती, आणि हा वरून ओरडत होता, माझा सफरचंदाचा ठेव."

"तू कुणाच्या बाजूनं आहेस?" मेरिल म्हणाला.

"जेवणाच्या."

नोरीनला हसू फुटलं. तिनं ते दाबायचा प्रयत्न केला आणि ते नाकावाटे बाहेर आलं. मग मेरिलही हसला, लाजून, मान खाली घालून. आपल्याच जमिनीवर शेजाऱ्याचा गोठा बांधून द्यायला टॅट्रोच हवेत, असं काहीतरी पुटपुटला. रोवीना हसली नाही. ती फक्त खुर्चीत जरा मागे टेकली.

भांडणातली वाफ गेली. मी बीन्स वाढले, ब्राउन ब्रेड कापला. जेवता जेवता उरलेल्या वाटांचा विचार झाला. ट्रक आत आणायचे तर आता एकच जागा, घर आणि कोठार यांच्यामधलं अंगण.

"खाली सेप्टिक टाकी आहे," रोवीना म्हणाली. "ओंडक्यांचा पहिला ट्रकच आत जाईल. टाकीच्या आत."

"टाकी हलवता येईल," नोरीन म्हणाली.

"विहीर?"

"विहीरही..." नोरीननं वाक्य सोडून दिलं. बिल्डरनं अंगणातून जाणारा रस्ता आधीच नाकारला होता, हे तिनं लोणच्याच्या बरणीकडं बघत सांगितलं. मेरिलही म्हणाला की वर्षाला थोडी झाडं थंडीत, जमीन गोठल्यावर, छोट्या गाडीनं काढता येतील. तेवढं ट्रस्ट करू देतं.

"म्हणजे करारच," नोरीन म्हणाली. "झालं, रोवीनाला हवं तेच झालं." आता तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. बहिणीचा हात तिनं थोपटला.

करारात एक घरजागा वगळून ठेवता येते. ती कुठली, एवढंच ट्रस्टच्या बाईला कळवायचं होतं. मेरिलनं पेन्सिल घेतली आणि नकाशावर घराभोवती गोल काढला. मग तोच गोल पुन्हा गिरवला, जाड.

"ही रोवीनाची," तो म्हणाला. "तू मरेपर्यंत राहा. आम्ही कुणी तुला इथून हलवणार नाही."

"अजिबात नाही," नोरीन म्हणाली. "आणि वरची मागची खोली मी उन्हाळ्यासाठी नीट करून घेते. मुलांना पुढंमागं यायला एक जागा."

"शिकारीच्या मोसमात आम्ही खाली झोपू," मेरिल म्हणाला. "तू नेहमीसारखी शेगडी चालू ठेव. ट्रस्टचा माणूस वर्षातून एकदा जंगल बघायला येईल, त्याला फिरवायला कुणीतरी लागेलच. तुझ्यासारखं कुणाला ठाऊक आहे ते?"

"पण या वेळी बरोबर भिंत दाखव हं," नोरीन म्हणाली, आणि दोघं पुन्हा हसले.

ते खरंच खूश होते. इतक्या वर्षांचं ओझं उतरलं होतं आणि कुणाचंही नुकसान झालं नव्हतं, असं त्यांना वाटत होतं. मेरिलनं तर तिसऱ्यांदा बीन्स घेतले. मी रोवीनाकडं बघत होते. तिची नजर त्या गोलावर होती. ताटातला ब्रेड तिनं कुस्करून कुस्करून त्याचा भुगा केला होता.

शेगडीतलं लाकूड खाली बसल्याचा आवाज आला. सवयीनं ती उठली, शेगडीचं दार उघडलं, दोन ओंडके आत सारले, राख खाली ओढली. हात ॲप्रनला पुसले. मग ती तिथंच, शेगडीपाशी उभी राहून बोलली, शाळेतल्या पोरांना आज सूप नाही म्हणून सांगावं तसं.

"करारावर मी सही करते. घरजागा तुम्ही कुणाच्याही नावावर करा, माझ्या नको. मी शनिवारी गावात राहायला जातेय, कोबर्नच्या दुकानावर. इथं परत राहायला येणार नाही."