वडिलांच्या होडीची किंमत

वडील गेल्यावर त्यांची शिडाची होडी आम्हा दोघांची झाली, माझी आणि पुण्याच्या दादाची. भाट्याच्या खाडीत वडिलांबरोबर ती मी चालवलेली. दादाला होडीत बसलं की मळमळायचं. माझा खांदा निखळल्यापासून शिडाचा दोर ओढवत नव्हता, म्हणून विकायचं मीच म्हटलं.

दादाने नेटवर नव्या होड्यांचे भाव बघितले आणि साडेचार लाख सांगितले.

"तो नव्याचा भाव झाला," मी म्हटलं.

"मागायला काय जातंय? घेणारा खाली आणतोच."

मला हे पटेना. जयगडला आणि दाभोळला अशा जुन्या होड्या कितीला गेल्या, ते मी विचारून आले. शीड विरलेलं, ते नवं घ्यावं लागणार. तळाची एक फळी इतकी मऊ झालेली की स्क्रू ड्रायव्हर आत जायचा. डोलकाठी आणि सुकाणू मात्र पक्कं. सगळी वजाबाकी करून मी अडीच लाखांवर आले. दादा बराच वेळ कुरकुरला, शेवटी म्हणाला, "कर तुला काय करायचं ते."

मग मी लेकीकडे देवरूखला गेले. परत येऊन माडांखालच्या मांगराच्या छपराखाली बघते, तर होडी निळ्या रंगात चकाकत होती. मऊ फळीवर हात फिरवला. गुळगुळीत. खड्ड्यांत लांबीचा लगदा भरून वर रंग मारला होता. जाहिरातीत किंमत पुन्हा साडेचार, आणि खाली 'तळ उत्तम स्थितीत'.

माझं डोकं फिरलं. पुण्याहून आलेला दादा ओसरीवर चहा पीत होता.

"ती फळी भर पाण्यात सुटली तर?"

"अगो, खाडीतच फिरणार ना? आणि घेताना माणूस बघून घेतो."

"तू दिसू नये म्हणून तर रंग मारलास."

त्यावर तो हसला. ते हसणं आठवलं की आजही कानशिलं तापतात.

दुसऱ्या दिवशी एक गिऱ्हाईक आलं. जहाजावरची नोकरी संपवून गावी परतलेले गृहस्थ, बरोबर कॉलेजातली मुलगी. तिला शिडाची होडी चालवायला शिकवायचं होतं. ती आत चढून बसलीसुद्धा. दादा डोलकाठीचं लाकूड किती जुनं, हे रंगवून सांगत होता. मी घरातून स्क्रू ड्रायव्हर आणला आणि त्या निळ्या रंगात खुपसला. मुठीपर्यंत गेला.

"ही फळी कुजलीय," मी म्हटलं. "बदलल्याशिवाय पाण्यात घालू नका. आणि हिची किंमत अडीच आहे."

त्या गृहस्थांनी आभार वगैरे मानले नाहीत. ते भडकलेच. "मग जाहिरात कशाला खोटी टाकलीत? एवढ्या लांबून आलो आम्ही." मुलीला उतरवून ते निघून गेले.

"माझं नाक कापलंस परक्यासमोर," दादा म्हणाला.

"त्या मुलीला तू बुडवली असतीस," मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यावर ओरडले. तो त्याच दुपारी पुण्याला गेला.

मी जाहिरात बदलली. फळीचा फोटो वरच लावला. महिन्याभराने तेच गृहस्थ परत आले आणि फळीचा खर्च कापा म्हणू लागले. माझा पारा पुन्हा चढला. "तो कापूनच अडीच सांगितलेत. शीडही कापलंय. आता एक रुपया कमी नाही." त्यांनी तळाखाली वाकून पुन्हा सगळं ठोकून बघितलं आणि अडीचला होडी घेतली. फळी बदलायला सुतार त्यांनीच आणला.

दादाचा अर्धा वाटा मी बँकेतून पाठवला. संध्याकाळी त्याचा फोन आला. मला वाटलं, निदान एवढं तरी विचारेल की होडी कोणाकडे गेली.

"चारला सहज गेली असती," तो म्हणाला.

मी फोन ठेवला. त्यानंतर त्याचे दोनतीनदा येऊन गेले. मी उचललेले नाहीत.