कुजक्या केळ्यांची मोटारसायकल

बंगळूरच्या बसवनगुडीतल्या त्या प्रकरणाला किती वर्षं लोटली, तरी ते माझ्या मनातून जात नाही. तेव्हा आमच्याकडे दारूबंदी होती आणि मी नवा सबइन्स्पेक्टर होतो.

खबर एका घरमालकाने आणली. "माझा भाडेकरू सरकारी कारखान्यात इंजिनियर आहे. सभ्य माणूस. पण पोती भरभरून कुजकी केळी आणतो. मागच्या शेडमधून दारूचा वास येतो. स्वल्प, जरा येऊन बघा, स्वामी."

झडतीत आंबवणाची पिंपं, तांब्याची नळी आणि दोन कॅन स्पिरिट मिळालं. पंचनामा करून मुद्देमाल सील केला, इंजिनियरला ठाण्यात आणलं. पुण्याकडचा, चाळिशीचा माणूस.

"गिऱ्हाइकं कोण?"

"कुणी नाही, साहेब. पेट्रोलमध्ये मिसळून मोटारसायकलला घालतो."

हा माझी थट्टा करतोय, असं वाटलं. दिवसभर तेच विचारलं, तेच उत्तर आलं. गल्लीत चौकशी केली. विकत घेणारा एकही सापडला नाही. माझं डोकं चालेना.

आमच्या हेडकॉन्स्टेबलची हयात भट्ट्या फोडण्यात गेली होती. तो लाकडाच्या वखारीत जाऊन आला. "सार, याने इतकं सरपण जाळलंय की दारू विकूनही त्याचा खर्च निघणार नाही."

मी इंजिनियरला विचारलं. तो म्हणाला, "पिणाऱ्याला दारूत पाणी चालतं, इंजिनाला चालत नाही. म्हणून तीन-तीनदा उकळून गाळतो."

डबा घेऊन आलेली त्याची बायको हे ऐकून पुढे आली. "म्हणजे पेट्रोलपेक्षा लाकूडच महाग पडलं? मग करत कशाला होतात?"

"तोटा नेमका कुठे होतो, तेच शोधत होतो. कारखान्यात वाया जाणारी वाफ मिळाली तर लाकूड लागणारच नाही."

पुढे प्रयोगशाळेचा अहवाल आला. स्पिरिट इतकं कडक होतं की कुठलाही भट्टीवाला ते काढायच्या भानगडीत पडला नसता. पण विनापरवाना काढणं हाही गुन्हाच. विक्रीचा पुरावा नाही, असं मी स्पष्ट लिहिलं. कोर्टाने दंड केला. कारखान्याने त्याची बढती रोखली.

खोटं बोलणारा मला ओळखता येतो, अशी माझी घमेंड होती. हा पहिल्या प्रश्नापासून खरं बोलत होता. केवळ त्यात त्याचा फायदा दिसेना, म्हणून मी त्याला खोटारडा ठरवलं. तेव्हापासून मी जबाब दोनदा ऐकू लागलो. कायदा पाळूनही माझं काही चुकलं का, ते मात्र अजून सांगता येत नाही.

मुद्देमाल नष्ट करताना तो हजर होता. स्पिरिट गटारात ओतायला घेतलं, तेव्हा हळूच म्हणाला, "साहेब, निदान तुमच्या जीपमध्ये तरी घाला."

ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं. हुकूम गटाराचा होता.