अंगणातला सह्याद्री

चहा पिताना डावा पाय क्लच दाबल्यासारखा हलायचा. घराबाहेर पडताना ते चौकट थोपटायचे, बोनेट थोपटावं तशी. घाटाची गोष्ट सांगताना चढावर आवाज जड व्हायचा, उतारावर मोकळा. आभाळ भरलं की म्हणायचे, "माळशेजात आता समोरचं दिसत नसन."

पुंजाजीकाकांच्या या सवयी इराला पाठ होत्या. काका निवृत्त एसटी ड्रायव्हर, ती शेजारच्या मास्तरांची मुलगी, नुकतीच मराठीत एम.ए. झालेली. धामणगाव बढ्यात तिची खरी दोस्ती त्यांच्याशीच.

काकांच्या बायकोने, विमलबाईंनी, बुलढाण्यापलीकडे काही पाहिलं नव्हतं. "रिटायर झालो का तुले समदे घाट दाखवतो," असं काका वर्षानुवर्षं म्हणत आले. ते रिटायर झाले, तोवर बाईंचे गुडघे गेले.

मग काकांनी डोंगरच अंगणात आणायचे ठरवले. पहिला कसारा घाट त्यांनी स्वतःच्या वावरातल्या काळ्या मातीचा केला. वाळताच तो भेगाळला.

"काळ्या मातीची भित कोनं बांधली का आजवर?" विमलबाई म्हणाल्या. "शेतकऱ्याच्या घरचे ना तुमी?"

"आपल्या वावरातली होती वं."

मग पांढरी माती आली. बाईंनी बसल्या जागी तिच्यात कुटार, म्हणजे भुसा, मळलं. कळसूबाई उभी राहिली, साल्हेर उभा राहिला. नाणेघाटाच्या माथ्यावर बाटलीच्या बुचाचा रांजण बसला. सातवाहनांच्या काळी तिथल्या दगडी रांजणात व्यापाऱ्यांकडून जकात घेत, असं इराने सांगितलं.

"म्हंजे टोलनाका तवाबी होता," काका म्हणाले.

संध्याकाळी विमलबाई खुर्चीत बसून वाकायच्या आणि घाटातून बोट फिरवायच्या. काका मध्येच अडवायचे, "थांब वं, समोरून गाडी येऊन राह्यली." बाई खरंच थांबायच्या.

काम कोकणाकडून घराकडे सरकत होतं. आधी अजिंठ्याचा डोंगर का नाही, असं इराने एकदा विचारलं.

"तो तं मागच्या दारातून दिसते. त्याले काय घाई?"

परवा सकाळी काका उठलेच नाहीत.

आज माणसं पांगल्यावर विमलबाईंनी खुर्ची अंगणात मागितली. जिथे धामणगाव यायचं होतं, तिथे त्यांनी बोट टेकवलं. ते तिथेच राहिलं.

"घरून कसं निघावं वं, इरा?"

इराने खाली पाहिलं. कन्नडच्या घाटापासून बाईंच्या बोटापर्यंत काकांनी काडीने नुसती रेघ ओढली होती. तेवढा अजिंठ्याचा डोंगर घालायचा राहिला होता.