नाकातले थेंब

गादीवाल्या काकांच्या सदऱ्याच्या खिशात नऊ वर्षं एक चिमुकली बाटली असे. कारखान्यात कापूस पिंजताना धूळ उडे आणि नाक चोंदे. एकदा सर्दी मुक्कामालाच आली, तेव्हा औषधाच्या दुकानातून त्यांनी नाकात घालायचे थेंब आणले. दोन थेंबांत नाक मोकळं! पुढे दोनाचे चार झाले, दिवसातून दहादा बाटली निघू लागली. वास येणं कधी बंद झालं, त्यांचं त्यांनाही कळलं नाही. बायको जाऊन तोवर तीन वर्षं झाली होती. ‘आज भाजी लागली वाटतं’ असं म्हणायलाही कुणी नव्हतं.

एका सकाळी शेजारीण धावत आत आली. तिने गॅस बंद केला, दार सताड उघडलं आणि काकांना हाताला धरून बाहेर काढलं. शेगडी विझून किती वेळ झाला होता, देव जाणे. काका तिथेच बसून दाढी करत होते.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाईंनी नळी घालून तपासलं आणि बाटली मागून घेतली.

“काका, सर्दी केव्हाच गेली. आता तुमचं नाक या थेंबांमुळेच चोंदतंय.”

काका ओशाळले. थेंब बंद, रोज मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुवायचं, दुसरा एक फवारा मारायचा, कामावर तोंडाला मास्क. पहिले काही दिवस जीव नकोसा होईल, हेही बाईंनी सांगून ठेवलं.

तसंच झालं. आठवडाभर काका खुर्चीत बसूनच झोपले. तोंडाने श्वास घेऊन घशाला कोरड पडे. दर रविवारी लेकीचा फोन येई. आवाज असा चोंदलेला का, हे विचारणं तिने कधीच सोडून दिलं होतं. यांनीही गॅसचं काही सांगितलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात कामावरून येऊन त्यांनी कुलूप काढलं आणि ते उंबऱ्यातच थबकले. रविवारी लेकीला म्हणाले, “घराला वास येतोय गं.”

“कसला?”

“कुणी राहत नसल्यासारखा.”

ती म्हणाली, “सुट्टी टाकते, बाबा.”

सुट्टी मिळायला दोन महिने लागले. तोवर काका रोज कामावर जाताना दोन्ही खिडक्या उघड्या टाकून जात.