पाल्याचे ढीग

कॉलेजच्या हिवाळी शिबिराला मी नाव दिलं, तेव्हा काम आमच्याच गावच्या डोंगरावर निघेल असं वाटलं नव्हतं. निडीजवळचा हा उतार गेल्या वर्षीच्या वणव्यात अर्धा जळाला. उरलेला अर्धा वाचावा म्हणून आम्हाला जाळरेषा काढायची होती. गवत कापून, वाळलेला पाला झाडून झाडांमधून मोकळ्या जमिनीचा पट्टा करायचा, म्हणजे आग तिथे येऊन थांबते.

वाटेवरून शेजारची काकी ओरडली, "काय गो, घरात कधी खराटा धरला नाय, नि डोंगर झाडतेस व्हय? कॉलेजात हेच शिकवतात?"

तिच्याबरोबरच्या बाया हसल्या. आई हसली नाही. ती टोपली घेऊन आली होती. भाताचं रोप टाकायच्या जागेवर पाला पसरून भाजायचा, त्याला आमच्याकडे राब म्हणतात. त्यासाठी दरवर्षी बाया इथूनच पाला नेतात. आम्ही तर तो झाडून पट्ट्याच्या दोन्ही कडांना छान ढीग लावले होते.

"सरांना विचार ना गो, नेऊ का?"

मी विचारलं. शिबिराचे सर पेणहून यायचे, आमच्यासाठी हातमोजे त्यांनीच आणले होते. ते समजावून म्हणाले, "जंगलातलं काही बाहेर न्यायचं नाही. पाला कुजला की माती होते." हे खरंच होतं, आम्हाला अभ्यासातही होतं. मी आईला तसंच सांगितलं.

"मग राब कशाचा करू? तुझ्या पुस्तकांचा?" म्हणाली आणि रिकामी टोपली घेऊन खाली उतरली. त्या ढिगांनी आग पसरेल, हे तिच्याही मनात नव्हतं.

शिबीर संपल्यावर थोड्याच दिवसांत भर दुपारी पलीकडून धूर आला. वडील धाटावच्या कारखान्यात शिफ्टला होते. आई, काकी, मी, जो घरी होता तो ओल्या डहाळ्या घेऊन धावला. आग पट्ट्यापाशी आली आणि खरंच बसली. काकी म्हणालीसुद्धा, "थांबली गो!" मग पलीकडच्या कडेचा ढीग पेटला. वाऱ्याने जळती पानं उचलली आणि पट्ट्यावरून अलीकडच्या ढिगावर टाकली. आम्ही झोडपत राहिलो. ऐन-किंजळाची झाडं, गेल्या पावसात आपोआप उगवलेली रोपं, सगळं डोळ्यांदेखत गेलं. ओढ्याकडचा एक कोपरा तेवढा राहिला.

संध्याकाळी सरांचा फोन आला. "जाळरेषेने आग अडली नाही का?"

"अडली होती, सर. ढिगांवरून गेली."

ते म्हणाले, "रविवारी येतो."

रविवारपर्यंत मी थांबले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच आईला घेऊन दोन टोपल्यांसह निघाले. डोंगरावर पाऊल टाकलं की राख उडत होती. ओढ्याच्या कोपऱ्यातले ढीग अजून तसेच होते.

"सर रागावतील ना गो?" आईने विचारलं.

"रागावू देत," मी म्हटलं आणि तिची टोपली भरायला घेतली.