ईश्वरकाका आणि आडवा वारा

वळसंगच्या अलीकडं माळावर एक खासगी धावपट्टी आहे, पूर्व-पश्चिम. ईश्वर वाघमारे तिथं सोळा वर्षं कामाला. आधी सोलापुरात यंत्रमागावर टॉवेल विणायचा. कारखाना बंद पडला तसा इथं राखणदार म्हणून आला. मालकाचं दोन आसनी विमान होतं. पुढं दोन चाकं आणि शेपटीखाली एक बारकं चाक. वारा असला की ते जमिनीवरही धड उभं राहायचं नाही, म्हणून बाहेर काढताना पंख धरून चालायचं काम ईश्वरकडं आलं. आत तो कधी बसला नव्हता. कुणी विचारलं नव्हतं, त्यानंही विषय काढला नव्हता.

जूनमध्ये मालकाचा पुतण्या दिग्विजय सुट्टीवर आला. तो मोठ्या प्रवासी विमानांवर वैमानिक. असलं शेपटीच्या चाकाचं विमान त्यानं एकूण बारा तास चालवलं होतं. एका दुपारी त्यानं ते बाहेर काढलं. वारा दक्षिणेकडून, पट्टीला अगदी आडवा.

"साहेब, आज पूर्वेकडं सोडा," ईश्वर म्हणाला.

"वारा आडवाच आहे, काका. कुठूनही गेलं तरी सारखंच."

"वाऱ्याला सारखं हाय. इमानाला न्हाय. पळताना शेपूट उचललं की हे आपसूक डावीकडं वढतंय. त्यात वारा जिकडनं येतोय तिकडंच नाक फिरतंय. पश्चिमेला गेलात तर दोन्ही वढ डावीकडं. पूर्वेला गेलात तर वारा उजवीकडनं, म्हंजे वढीनं वढ कापली जाती."

"हे कुठं शिकलात?"

"हितंच. मागं उभं राहून."

दिग्विजय हसला. विमान पूर्वेच्या टोकालाच उभं होतं. दुसऱ्या टोकाला न्यायचा त्याला कंटाळा आला. तो पश्चिमेकडं सुटला.

शेपूट उचललं. नाक डावीकडं वळलं. नाक सरळ करायला दिग्विजयनं पेडलवर उजवा पाय पुरा दाबला. तो पुरला नाही. विमान पट्टी सोडून गवतात शिरलं, गर्रकन फिरलं, उजव्या पंखाचं टोक जमिनीला घासलं आणि ते पूर्वेकडं तोंड करून थांबलं.

नाकावरचा पंखा थांबल्यावर ईश्वर चालत आला.

"लागलं का?"

"नाही."

ईश्वरनं विमानाभोवती एक चक्कर मारली. "तोंड आता बरोबर हाय," तो म्हणाला.

दुरुस्तीला एकोणीस दिवस गेले. पुतण्यानं सुट्टी वाढवली. विसाव्या दिवशी वारा पुन्हा दक्षिणेचा. दिग्विजयनं विमान पश्चिमेच्या टोकाला नेलं आणि मागं वळून म्हणाला, "काका, बसा."

"मी?"

"चुकलो तर सांगायला कुणीतरी पाहिजे."

ईश्वर चप्पल काढून आत बसला. दिग्विजयनं विमान चालवायची दांडी उजवीकडं, वाऱ्याच्या अंगाला झुकवून धरली. शेपूट उचललं. नाक सरळ राहिलं. आधी डावं चाक सुटलं, मग उजवं. ईश्वरला सांगायला काही उरलं नाही. त्याचे डोळे भरून आले. धूळ गेली असावी असं त्यानं ठरवलं.

घरी बायकोनं, मीनाबाईनं विचारलं, "काय दिसलं वरनं?"

"आपलं पत्र्याचं छप्पर," तो म्हणाला. "एक पत्रा सुटलाय. उद्या ठोकतो."